वाकल्याबिगर उडी

भोर, एस्टी स्टँडावरचं बाकडं
१० फेब्रुवारी २००२

फुरक्या,

तू बरा हायेस का न्हाई ह्ये मी मागनं इचारीन. आदी माजा राग ऐक, कारन राग शिळा झाला की त्येला चव ऱ्हात न्हाई. म्हनून सावळारामशेठच्या व्हिडिओच्या शेडमधनं सुटल्या सुटल्या, उत्रोलीची गाडी सोडून, हितं बाकड्यावर बसून लिवतोय.

नाकतोड्याचा दुसरा भाग आला. आन त्येंनी माती केली रं. समदी माती केली!

पैलं म्हंजे नाव. तुला वाटंल बोर्डावर 'नाकतोडा भाग दोन' लिवलं आसंल. न्हाई. पयला इंग्रजी व्हता, तू माईकवर मराठीत सांगायचास; आता ह्यो हिंदीत करून आलाय, शीडीच्या दोन तबकड्यांवर, आन हिंदीत त्येचं नाव हाय 'छलांगसम्राट'. वरीसभर अख्खं भोर ज्येला नाकतोडा म्हनून वळखत व्हतं, बारकी पोरं हिरवी लुंगी पांघरून पत्र्यावरनं उड्या टाकून हातपाय मोडून घेत व्हती, त्यो एका दिसात सम्राट झाला. कुनाला इचारून?

नावाचं बी सोडतो. उडी सोडत न्हाई. पयल्या भागात त्यो उडी मारायच्या आदी वाकायचा का न्हाई? गुडघ्यात पाक दुमडायचा, आन तू माईकवर हळू आवाजात म्हनायचास, "आदी वाकायचं..." आन समदी शेड वरडायची, "मग उडायचं!" आता त्यो वाकतच न्हाई. हुबा हाय तसा सुटतो वर, फुग्यागत. कोन म्हनतं काम्प्युटरवर केलंय. आसंल. काम्प्युटरला गुडघं नसत्यात, त्यो कशाला वाकंल? शंभर इमारती पाडल्या त्येंनी ह्या भागात, मोजल्या म्या, आन कुनाच्या हातातनं शेंग बी पडली न्हाई. पयल्यात एकच पूल व्हता आन त्यो नुसता हाललेला तर रतनबाईच्या शेंगांची पाटी सांडली व्हती.

आता टकल्या. ऐक, आन बसून ऐक. ज्या टकल्यानं मावशीचं घर जाळलं, ज्येला नाकतोड्यानं पुलावरनं नदीत टाकला, त्यो ह्या भागात जिता निगतो, आन नाकतोडा त्येला म्हनतो, "पिताजी"! आंबवड्याचं चिमाजीनाना, पयला भाग अकरा येळा बगितलेलं मानूस, हुबंच ऱ्हायलं. टीव्हीला बोट दाखवून वरडलं, "आरं भाड्या, बाप कसला त्यो? तुज्या मावशीला जाळलंय त्येनं! इसरलास व्हय?" शेठ म्हनतोय, "नाना, खाली बसा, मागच्यांना दिसंना." नाना म्हनतंय, "दिसून काय करायचंय? बेअक्कल झालाय ह्यो!"

आन मावशी जळाली न्हाईच म्हनं. ती बी जिती हाय. आन ती मावशी न्हाईच. ती कोन डाक्टरीन, टकल्याकडं कामाला. तू सांगितलं व्हतंस, तिनं नाकतोड्याला भाकरीवर वाढवला, रोज म्हनायची, "कापडं फाडू नगंस रं लेकरा, हिरवा दोरा भोरात मिळत न्हाई." आता ती सुई घिऊन फिरती, पन इंजिक्शनची.

ज्येनी दुसरा भाग काडला त्येनी पयला बगितलाच न्हाई, पैजंवर सांगतो.

आन माजं काय केलं म्हाईत हाय का? त्यो नाकतोड्याचा ठेंगना दोस्त, केसांचं टोपलं, कायम कायतरी चघळनारा, ज्येचं नाव तू सरळ 'गेन्या' ठिवलं व्हतंस? मारला. इसाव्या मिन्टाला. सिमिटाचा खांब पडला आंगावर आन खलास. एक गानं न्हाई, दोन शब्द न्हाईत. नाकतोडा त्येच्यासाठी अर्धं मिन्टं रडला आन लगीच एका पोरीसंगं आइसक्रीम खायाला गेला. ह्येला काय म्हनायचं?

मला वाटलं ह्ये तुला सांगावं. दुसरं कोन हाय ज्येला ह्येची चीड यील? पत्ता फौजियानं दिला. दोन दिस गिरनीपाशी तिच्या माग माग फिरलो तवा दिला, आन म्हनाली, "भाईला काय उलटसुलट लिवलंस तर अम्मीला सांगीन." तुज्या अम्मीला, बानोचाचींना, मी अजून भितो. त्येंना सलाम.

येल्ह्याच्या बाजाराचा इषय ह्यात काडू नगंस. तितं दोन वर्सांमागं जे झालं त्यात माजा काय हात न्हवता, ह्ये म्या तवाबी सांगितलंय. मी फकस्त नाकतोड्याबद्दल लिवतोय.

गेनू


उत्रोली
२४ फेब्रुवारी २००२

फुरकान,

चवदा दिस झालं. मिरजेला पोष्टमन नसत्यात का मामाच्या दुकानात रेक्झीन कापता कापता तुजी बोटं बी कापली गेली?

ऱ्हाऊदे. ऐक, हितं काय चाललंय. दुसऱ्या हप्त्याला शेड निम्मी रिकामी. जी येत्यात ती शिव्या द्यायला येत्यात. चिमाजीनाना आंबवड्यावरनं रोज येतंय, सिनिमा सुरू व्हायच्या आदी शेठला इचारतंय, "आज बी त्यो बापच हाय का?" शेठ म्हनतो, व्हय. मग नाना भाईर रतनबाईपाशी बसतंय, आत येत न्हाई.

शेवटी शेठनं मला गाठलं. म्हनाला, "गेन्या, वरीसभर फुरकानच्या बाजूला व्हिडिओच्या मशीनवर बसलास. त्येचं समदं तुला पाठ आसंल. आवाज बारीक करतो, तू बोल."

म्या म्हनलं, "शेठ, हिंदी समद्यांना कळतंय. बोलनारा कशाला?"

शेठ म्हनाला, "कळतंय हीच तर अडचन हाय."

बसलो मग. तुज्या स्टुलावर न्हाई, त्यावर कोन बसत न्हाई, खुडची घेतली. माईक धरला. मी म्हंजे गेन्या, ज्येनं हेडमास्तरांच्या सायकलीला बकरी बांदली व्हती, ज्येनं शेठच्या छत्रीत उंदीर घातला व्हता. मला वाटलं, ह्ये काय अवगड हाय! फुरक्या, त्या ईस मिन्टांत काय झालं ह्ये तुला हासायला सांगतोय, हास. मी इनोद करायच्या आदीच हासत व्हतो. हासून हुईस्तवर चित्र म्होरं गेलेलं. नाकतोडा गच्चीवर आन मी अजून जिन्यात. टकल्या बोलतोय आन मी आवाज नाकतोड्याचा काडतोय. कुनीतरी चप्पल मारली. माजीच व्हती, भाईर काडून ठिवलेली.

आन इसाव्या मिन्टाला तो खांब पडला. गेन्या मेला. समदी शेड माज्याकडं बगाय लागली, आता ह्यो काय बोलतोय म्हनून. माज्या मरनावर म्या माईक बंद केला आन हिंदी मोठी केली.

भाईर आल्यावर चिमाजीनाना म्हनलं, "आरं फुरकान बोलायचा तवा त्यो टीव्हीकडं बगायचा. तू आमच्याकडं बगतूस, कोन हासतंय का म्हनून."

म्हाताऱ्याला दात न्हाईत पन चावतंय लई.

शेठ अजून कवा कवा म्हनतो, "त्या दिशी येल्ह्याला त्या गोऱ्याला आत घेतला कुनी?" मी म्हनतो, "आला आसंल चुकून, तोरण्यावरनं उतरला आन गर्दी बगून शिरला." ह्या बाबतीत तुला काय वाटतंय मला म्हाईत न्हाई. कायबी वाटून घिऊ नगंस.

काल फौजिया दिसली. म्या इचारलं, "तुज्या भाईला पत्र लिवता येत न्हाई का?" ती म्हनाली, "गेनूभाऊ, तुमची पत्रं त्यानं फाडली न्हाईत. मी तेवढंच सांगीन." म्या म्हनलं, "तेवढ्यानं काय व्हतंय?" तर म्हनती, "न्हाई झालं तर इंजिन तापलंय तुमचं, पानी घाला."

तुज्या घरात समदीच हुशार. एक तूच नापास.

गेनू


उत्रोली
१० मार्च २००२

फुरकान,

आज राग हाय पन कुनावर काडावा ह्ये कळंना झालंय. म्हनून हळू वाच.

सकाळी मी शेडमदी एकटाच व्हतो. खोक्यात नाकतोड्याची जुनी कॅसेट घावली, पयल्या भागाची, इंग्रजी. म्हनलं, दुसऱ्यानं तोंडाची चव घालवलीया, पयला बगून गोड करावं. लावली. तुज्यामुळं त्येचा आवाज आमी कवा ऐकलाच न्हवता, तू बोलत आसताना शेठ पाक बारीक करायचा. आज मोठा केला. स्टुलावर कोन न्हाई, शेडमदी कोन न्हाई, मी आन त्यो.

फुरक्या, पयला भाग बी भंगार हाय.

मावशी सबंध सिनिमात दोनदा बोलती. दोनदा! भाकरी कुठं हाय? ती कागदावर कायतरी खरडती आन दार लावती. दोऱ्याचं काय न्हाई. घर जळतं तवा ती आत हाय का न्हाई ह्येच दिसत न्हाई, नुसतं घर जळतंय. आमी त्या घरासाठी अकरा अकरा येळा रडलो व्हय? आन टकल्या पुलावर रडतो. खरंच रडतो, डोळं लाल करून. तू सांगितलं व्हतंस, "बगा, सोंगाड्या कसा माफी मागतोय, इस्वास ठिवू नका!" आमी इस्वास ठिवला न्हाई. मला इंग्रजी कळत न्हाई, पन बाप पोरापुढं रडतोय येवढं कळाय इंग्रजी लागत न्हाई.

आन उडी. ह्येच बगाय म्या तीनदा माग घेतली. नाकतोड्याचं तोंड मुखवट्यात झाकलेलं हाय. वाकतो, आन उडतो. बोलत कायबी न्हाई. 'आदी वाकायचं, मग उडायचं' ह्ये जगात कुठंच न्हाई, इंग्रजीत न्हाई, हिंदीत न्हाई. ते तूच बोललास. धाव्वीला इंग्रजीत तुला चवतीस पडलं व्हतं, मला तेहतीस, मी आपला समजत व्हतो की त्या एका मार्कात तुला समदं कळतं.

मंजी दुसरा भाग पयल्याच्या तोडीचा न्हाई आसं मी जे म्हैनाभर वरडतोय ते खोटं हाय. दोन्ही सारकंच हायेत. एकात तू हायेस, दुसऱ्यात न्हाईस.

आता लिवतोच.

येल्ह्याला त्या गोऱ्याला म्याच आनला.

बाजाराचा दिस, शेठनं तितं शेडमदी टीव्ही लावलेला. तीन जन तोरणा उतरून च्या प्यायला आलं, एक गोरा आन पुन्याची दोन कालेजची पोरं. म्या म्हनलं, आमच्याकडं तुमच्या देशाचा सिनिमा हाय, बगा. त्येला म्होरं बसवला. आन त्यातल्या एका पोराला म्हनलं, "सायेब काय बोलतील ते मोट्यानं सांगा, आमाला बी कळू द्या." मला वाटलं गंमत व्हईल.

मावशीचं घर जळत व्हतं. बाया पदर डोळ्याला लावून बसलेल्या. तू काय बोलतोस ते पोरानं त्येला इंग्रजीत सांगितलं आन गोरा फिदीफिदी हासला. पोरानं सांगितलं, म्या सांगितलं व्हतं तसंच मोट्यानं, "हा म्हणतो, ही बाई त्याची कोणी लागत नाही. हा मुलगा सगळं मनानं सांगतोय." आन कोन तरी हासलं, आन मग समदी हासली, बाया बी.

पैलं हासलं ते मीच.

तू माईक स्टुलावर ठिवलास, अंडं ठिवावं तसा, जपून. आन चालाय लागलास भोरच्या रस्त्यानं, उनाचं. मी दारात हुबा व्हतो. तू माज्याकडं बगितलं न्हाईस. शेठनं दुसऱ्या दिशी निरोप धाडला, खोटं बोलनारा नको म्हनून. तिसऱ्या दिशी तू मिरजेला.

का केलं? सांगतो, पन ह्यात तुजीबी चूक हाय. पुलावर तू गेन्याला पळवलंस. पूल हालला आन "गेन्या पळाला बगा, चप्पल टाकून पळाला!" वरीसभर, रोज दोन खेळ. भोरात मला बारकी पोरं पळपुट्या म्हनायची. आमच्या आईनं इचारलं, तू कुठनं पळालास रं? म्हनलं, एकदा ह्येला बी खाली उतरवावं. थोडंच. इतकं न्हाई.

झालं. लिवलं. आता फाड पायजे तर.

गेनू


(पोस्टकार्ड)
भोर
२० मार्च २००२

फुरकान,

फौजियानं सांगितलं, तू एस्टीडीवर फोन केला व्हतास आन माजं नाव निगाल्यावर म्हनालास, "दोन वर्सं लागली व्हय रं त्येला."

मंजी तुला ठाऊक व्हतं! पैल्यापासनं! पैलं कोन हासलं ते बी! पाठ करून बसला व्हतास तरी माजं हासनं वळखलंस, आन दोन वर्सं मला जाळत ठिवलास? मी खोटं बोलतोय ह्ये ठाऊक आसून गप बसनारा मानूस, आन लोकं आगाऊ मला म्हनत्यात!

ह्या कार्डावर जागा कमी हाय म्हनून सुटलास. ह्ये पोष्टमन वाचनार म्हनून शिव्या बी देता येत न्हाईत. आता लिवनार न्हाई. हे शेवटचं.

गेनू


शिवरे, कोंडिबाचं हाटेल
७ एप्रिल २००२

फुरक्या,

लिवनार न्हाई म्हनलं व्हतं. पन राग पुन्ना आलाय, नवा हाय, ताजा.

तू धाडलेली कॅसेट पाच दिस हितं कोंडिबाच्या च्याच्या डब्यात पडून व्हती. सांगलीच्या गाडीच्या ड्रायवरानं ती कोंडिबाला दिली, भोरला गेनूला दे म्हनून, आन कोंडिबानं ती पत्तीच्या डब्यात ठिवली, हरवू नये म्हनून, आन मग ठिवल्याचंच इसरला. वर तू लिवलेलं, "गेनूला देणे. उन्हात ठेवू नये." उनात ठिवली न्हाई, पन तिला अजून आद्रकाचा वास येतोय.

मी ती शेडमदी टेपवर लावली. वाटलं गानी आसतील. तर तुजा आवाज, दुसऱ्या भागावर बोलनारा; मिरजेला बगून भरला आसशील. दोन वर्सांनी पैलं वाक्य काय, तर, "गेन्या, हितंच थांबीव. बटन वर कर. चित्रात पैली इमारत दिसली की परत दाब. आदी न्हाई. तुजं बोट लई आगाऊ हाय."

सलाम न्हाई, कसा हायेस न्हाई. मला हासू यावं का रडू, तेबी तू सांगितलं न्हाईस.

शेठ म्हनाला, "फुरकानचा आवाज? माज्या शेडमदी?" म्या म्हनलं, "शेठ, तुमी त्येला खोटं बोलतो म्हनून काडला. आता खरं बोलनारा सिनिमा लावलाय तर मानसं कुठं हायेत?" शेठ सोता उठला, तुजं स्टूल फडक्यानं पुसलं, टीव्हीच्या बाजूला ठिवलं आन टेप त्येच्यावर मांडला. टेपची वायर तितवर पोचंना म्हनून टेपात नवं सेल घातलं. ह्ये सेलाचं ध्यानात ठिव.

दुपारचा खेळ. म्या गावात सांगितलं व्हतं, बोलनारा आलाय. बसाय जागा न्हवती. चिमाजीनाना पैल्या रांगंत, रतनबाई पाटीसकट आत. हिंदी पाक बंद केली. इमारत दिसली, बटन दाबलं. म्होरंबी तू 'थांबीव' म्हनलास की थांबिवली, 'दाब' म्हनलास की दाबलं; माजं बोट येळंवर व्हतं, सांगतो तुला.

टकल्या आला, "पिताजी" म्हनायचा परसंग आला. तू म्हनालास, "ह्यो म्हनतोय मी तुजा बाप. इस्वास ठिवू नका. बाप आसता तर पोराला भूक लागलीया का, ह्ये आदी इचारलं आसतं."

नाना मांडीवर थाप मारून म्हनलं, "हां! आता बोलला!"

मग ती डाक्टरीन. तू म्हनालास, "ही मावशी न्हाई, मावशीची जुळी भन हाय. मावशीच्या उजव्या हाताला तव्याचा चटका व्हता. हिचा हात बगा." आन समदी शेड, फुरक्या, समदी शेड वाकून तिचा हात बगाय लागली. चटका न्हवता! रतनबाई म्हनाली, "तरीच बाई, मला पैल्यापासनं ही वंगाळ वाटत व्हती." तो चटका तू पयल्या भागात कवा दाखवला व्हतास? कवाच न्हाई. पन मला बी आटवाय लागला.

उडीचं तू काय केलंस ते ऐकून मी मशीनवरनं उटून हुबा ऱ्हायलो. त्यो पैल्यांदा हुबा हाय तसाच वर गेला, तवा तू म्हनालास, "बगितलं? वाकायचं इसरला. आता बगत ऱ्हावा, जितक्या येळा वाकल्याबिगर उडी मारंल तितक्या येळा पडंल." आन पडतोयच की त्यो! ह्या भागात त्यो सातदा पडतो, म्या म्हैनाभर बगतोय, मला वाटायचं सिनिमा काडनाऱ्याला अक्कल न्हाई. त्येंची चूक तू गोष्टीत घातलीस. दर उडीला शेड वरडत व्हती, "वाक रं! आरं वाक की!"

इसावं मिन्टं आलं. खांब पडला. तू बोललाच न्हाईस. टेपमदी नुसती तुज्या मामाची शिवनाची मशीन चालल्याचा आवाज. नाकतोडा रडतोय, मशीन चालतीया, आन तू गप. मला वाटलं, झालं, ह्यानंबी मला मारला. मारावाच. मग तू म्हनालास, "रडू नका. ह्या पोराला मी ल्हानपनापासनं वळखतो. ह्ये मेल्याचं सोंग घेतंय."

समदी शेड माग वळून माज्याकडं बगाय लागली. म्या काय केलं? व्हिडिओची मशीन पुसली. कोरडी व्हती, तरी पुसली.

मधी तबकडी बदलायची येळ आली, तर तू टेपवर म्हनतोस, "गेन्या, तबकडी बदल. तवर मी पानी पितो." आन घटाघटा पानी प्यायलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पान्याला!

शेवट आला, पूल. तोच पूल, पन आता मोडका. नाकतोडा एका हातानं लोंबकाळतोय, बोटं सुटाय लागली. तुला ठाऊक हाय म्होरं काय हाय, एक काळा मुखवटेवाला येतो आन त्येचा हात धरतो, हिंदीत त्यो कोन पोलिसांचा सायेब निगतो. हात आला चित्रात. नुसता हात.

आन लाइट गेली.

टीव्ही बंद, पंखा बंद. पन टेप सेलावर व्हता. तुजा आवाज त्या काळोखात तसाच चालू. शेठनं बटनाकडं हात नेला तर नाना वरडलं, "सावळाराम, हात लावशील तर खबरदार!" कोन उटलं न्हाई. तू म्हनत व्हतास, "हात कुनाचा हाय, वळखा. सोंग घेतलेला उटला. मागल्या भागात पुलावरनं चप्पल टाकून पळाला व्हता ना, त्यो. पळाला न्हवता. पलीकडच्या टोकाला जाऊन हुबा व्हता. परत यायला जरा येळ लागला, येवढंच."

मग तू थांबलास, आन हळू म्हनालास, "आदी वाकायचं..."

पत्रं उडत्यात का काय आसा आवाज झाला शेडमदी, फुरक्या. समदी वरडली. म्या न्हाई.

त्येच्या म्होरं तुज्या मामाची मशीन परत वाजाय लागली. आमाला वाटलं संपलं, मी बंद कराय गेलो तवर तू म्हनालास, "गेन्या, कॅसेट मामाची हाय. दुसऱ्या बाजूला त्येची कव्वाली हाय, ती पुसू नगंस. पोष्टानं धाडू नगंस, फुटती. हातानं आनून दे." टक. संपली.

काळोखात पन्नास मानसांनी ते ऐकलं. नाना म्हनलं, "आता हुबा काय ऱ्हायलास मुडद्या? गाडी कितीची हाय?" शेठ म्हनाला, "त्येला म्हनावं स्टूल रिकामंच हाय. मी म्हनलोय म्हनून सांग." तुज्या अम्मीनं डबा दिलाय. कशाचा ते सांगनार न्हाई, निम्मा मी खानार हाय. फौजिया म्हनाली, "गेनूभाऊ, तितं जाऊन तरी भांडू नका." म्या कबूल केलं न्हाई.

कारन भांडायचं हाय. तुला येल्ह्याचं ठाऊक व्हतं तर तवाच माज्या कानाखाली का वाजवली न्हाईस? मी दोन वर्सं त्या एका थपडीची वाट बगत व्हतो. आन जुळी भन म्हनं! जुळी भन घालनं ही चीटिंग हाय, समद्या हिंदी सिनिमात आसती, तुज्याकडनं ही आशा न्हवती.

ह्ये पत्र पोष्टात टाकत न्हाई. कॅसेटीसंगं तुज्या हातात देनार हाय आन म्होरं बसून वाचाय लावनार, कारन तोंडानं मला ह्यातलं निम्मं बी सांगता येनार न्हाई. वाचताना माज्याकडं बगू नगंस. टीव्हीकडं बगायचास तसं दुसरीकडं बग.

कोंडिबा वरडतोय, गाडी आली. सांगलीची हाय, म्होरं मिरजेला बदलीन. भरून आलीया, म्या हात दाखवला पन ड्रायवराचं थांबायचं लक्षन दिसत न्हाई. चालत्या गाडीत उडी टाकावी लागनार.

वाकतो.

गेनू